वच्छलाबाईचा खेळ

आंबेटोला, ता. सिंदेवाही
दि. १६ ऑक्टोबर २०२४

चि. वच्छलास,

शालिकभाऊचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तिकडे भद्रावतीला धनराज, सूनबाई, नातवंडं खुशाल असतील. धान लोंबीवर आलं आहे. माझा गुडघा तसाच आहे. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. तिसरीपर्यंतचं अक्षर आहे, समजून घे.

लिहायचं कारण असं की चंद्रपूरला माझी बेइज्जती झाली.

रविवारी एका मोठ्या सभागृहात लोककलेचा कार्यक्रम होता. आपल्या अश्विननं नाव दिलं होतं. साउंडचं दुकान आहे, पोराच्या ओळखी आहेत. मला वाटलं, चला, माझ्या हातच्या शिवणीच्या लाकडाच्या बाहुल्या जिल्ह्याच्या ठिकाणी नाचतील. पण तिथली तऱ्हा ऐक. आम्हाला वेळ दिला बारा मिनिटं! बाबांच्या काळी खेळातली नुसती सासू अंगणात यायला बारा मिनिटं लागत. तिथल्या एका बाईनं फोटोसाठी सुनेला मान धरून उचललं. बाहुली दांडीनं उचलावी, एवढं आपल्या गावच्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी ओरडलो, तर म्हणते, "आजोबा, रिलॅक्स." मी काय तिचा आजोबा?

मग खेळ लागला. आवाज यंत्रातला, तुझा. यंत्र कोणासाठी थांबत नाही. सुनेच्या दोऱ्या माझ्या हातात गुंतल्या आणि सासूचं बोलणं पुढं निघून गेलं. तेवढ्यात त्या उंच भोंग्यांतून तुझी कुजबुज आली. अख्ख्या सभागृहात.

"भाऊ, गुंतली का? सोडवा आरामात. मी गाणं लांबवून राह्यली."

आणि जरा वेळानं, "आता डावी सोडा. डावी, भाऊ! तुमाले डावी-उजवी समजत नाई का?"

लोक पोट धरून हसले. त्यांना वाटलं, खेळातलाच विनोद आहे. टाळ्या पडल्या. मी पडद्यामागं उजवा हात खाली आणून उभा.

बाहेर आल्यावर अश्विनवर तोंड सोडलं. "हे काऊन ठेवलं त्याच्यात? काढता नाई आलं?"

तो म्हणतो, "बाबा, आपल्या छोट्या डब्यावर ते ऐकूच येत नव्हतं. अन् मले का मालूम, आत्या तुमाले शिकवून राह्यली होती म्हणून!"

शिकवून! बत्तीस वर्षं आपण दोघांनी खेळ केला. तू माझ्या पायाशी बसायचीस, पडद्याला पाठ करून. मधे मधे काहीबाही पुटपुटायचीस. मी म्हणायचो, बाईला गप्प बसवत नाही. दोऱ्या अडकल्या की तू सासूची शिवी लांबवायचीस. लोकांना वाटायचं, सासू रागानं थरथरते आहे. खरं सांगतो, मलाही तसंच वाटायचं.

घरी येऊन अश्विनला मोठ्या भोंग्यावर पूर्ण खेळ लावायला सांगितला. बोटांवर मोजत बसलो. एका खेळात सतरा वेळा तू मला सावरलंस.

पण माझा तुझ्यावरही राग आहे. मागल्या वर्षी मंडईच्या जत्रेला तू आलीस, तळ्याच्या पाळीवर उभी राहिलीस आणि न जेवता परत गेलीस. भाऊबीजेच्या दिवसांत बहीण भावाच्या गावातून उपाशी जाते, लोक काय म्हणतील, याचा विचार नको?

एवढं लिहून पेन ठेवलं होतं. चहा झाला. आता पुढचं लिहितो.

तू का गेलीस ते मला ठाऊक आहे. दरवर्षीसारखी तू बसमधून उतरलीस आणि पडद्यामागून तुझाच आवाज येत होता. गावाला मी सांगितलं होतं की वच्छलाला बरं नाही. तुला निरोपच धाडला नव्हता.

अश्विननं चोरून आवाज भरला असं तू धनराजला म्हणालीस. पोराला दोष देऊ नको. त्या मंडईच्या आदल्या वर्षी बाहुल्यांच्या पेटीत आवाज भरायचं यंत्र मी ठेवायला लावलं. लोक विचारायला लागले होते, "वच्छलाबाईचा खेळ कधी हाय?" लाकूड मी कोरायचं, दोऱ्या मी ओढायच्या आणि खेळ वच्छलाबाईचा! माझ्यानं ते सोसवलं नाही. वाटलं, आवाज तेवढा काढून घ्यावा, मग बाई कशाला पाहिजे.

यंदा मंडई बुधवारी आहे, ६ तारखेला. या पत्राला चिकटवलेली नखाएवढी चिप म्हणजे तुझा आवाज. अश्विनच्या मोबाइलमधला आणि कॉम्प्युटरमधला माझ्यासमोर पुसायला लावला. तो म्हणाला, "बाबा, मंग मंडईत का करान?" मी म्हणालो, "तुले का करायचं हाय?" आता दुसरीकडे कुठं नाही. तुझी वस्तू आहे, ठेव नाहीतर चुलीत टाक. टपालाचा भरवसा नाही, म्हणून पाकीट दोनदा शिवलं आहे. मिळालं की धनराजला कळवायला सांग. नाहीतर मला झोप लागायची नाही.

मंडईवाले विचारायला आले होते. मी सांगून टाकलं, "खेळ होईन का नाई, ते वच्छलाले इचारा." त्यांच्यातला लहानू म्हणतो, "शालिकभाऊ, आमी तं पयलेपासून हेच म्हणून राह्यलो." तेव्हा फार झोंबलं. अजून झोंबतं.

तू नाही आलीस तर पेटी उघडणार नाही. हा धाक समजू नको. उघडून करू काय?

आणि आलीस, तर जे सांगायचं ते यापुढं कुजबुजून सांगू नको. मोठ्यानं सांग. लोकांना ऐकू दे.

तुझं ऐकायला बसलेला,
शालिकराम