एफ सोडून सगळं येतं

१ जानेवारी, सकाळी सहा (खरं तर पावणेआठ)

संकल्प: गिटार. अकॉस्टिक. त्रेचाळिशीत माणूस एक तर शुगरकडे वळतो, नाहीतर कलेकडे. मी कलेकडे.

पार्सल काल दुकानात आलं. खोका उघडला तर शेजारचा मेडिकलवाला वैजिनाथ म्हणाला, अप्पा, एवढी मोठी पळी कुणी मागवली? दुर्लक्ष केलं. भांड्याच्या दुकानात बसणाऱ्याला लोक कलाकार मानत नाहीत, हा परळीचा जुना दोष.

कारणही मोठं आहे. आरोहीची यंदा दहावी. जूनमध्ये ती लातूरला क्लासला जाणार, दोन वर्षं हॉस्टेल. रात्री जेवताना तिनं विचारलं, पप्पा, मी जायच्या आधी एक गाणं वाजवून दाखवताल का? म्हटलं, एकच? अख्खी मैफल करू. एवढ्या वेळात लोक अल्बम काढतात.

२ जानेवारी

गिटारवर नाव घातलं. दुकानातल्या मशीननंच, ज्यानं गिऱ्हाइकांच्या ताटा-पातेल्यांवर घालतो. नाव नसलेलं भांडं पंगतीतून परत येत नाही, मग एवढी महागाची वस्तू बिननावाची कशी ठेवायची? 'बसवेश हलगे, परळी वै.' स्टीलवर मशीन लोण्यासारखं चालतं. लाकडावर टर्रर्र झालं. 'श'च्या जवळ एक ढलपी उडाली. लांबून दिसत नाही.

बायको, कावेरी, म्हणाली, वाजवायच्या आधी नाव कावून घातलं? तिला ब्रँडिंग समजत नाही.

५ जानेवारी, रविवार

'परळी गिटार परिवार'मध्ये पहिला दिवस. थर्मल वीज केंद्रातल्या प्रविण सरांच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी जमतात. माणसं फार चांगली. कोण कुणाला हसत नाही. प्रविण सरांनी ट्यूनरची क्लिप दिली, वर म्हणाले ठेवा तुमच्याकडंच. बँकेतल्या ऋतुजा मॅडमनी सी कॉर्ड शिकवली, बोटं एकेक करून ठेवून दाखवली. म्हणाल्या, घाई नको, महिनाभर दोनच कॉर्ड, रोज दहा मिनिटं.

दहा मिनिटं सामान्य माणसासाठी. मी रोज दोन तास करणार.

प्रविण सरांनी नावावरून हात फिरवला. ढलपीपाशी बोट थांबवलं. मग म्हणाले, आवाजाला थोडी गुणगुण येईल. म्हटलं, तेच तर पाहिजे.

९ जानेवारी

बोटं दुखतात. आज सुट्टी. काल सुट्टी नव्हती, पण गिऱ्हाईक होतं.

१९ जानेवारी

सी येते. जी येते. सीवरून जीवर जाताना मध्ये थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात ऐकणाऱ्यानं चहा घ्यावा.

एफ येत नाही. एका बोटानं सगळ्या तारा दाबायच्या म्हणजे काय चेष्टा आहे. हे वाद्य परदेशी बोटांसाठी बनवलेलं आहे. ऋतुजा मॅडमनी सोपा, छोटा एफ दाखवला. म्हणाल्या, मीसुद्धा वर्षभर असाच वाजवला. नम्रपणे नकार दिला. झाकण नसलेला डबा मी गिऱ्हाइकाला देत नाही, अर्धा एफ लोकांना कसा देऊ?

२ फेब्रुवारी

आवाज मंद येतो. कारण सापडलं: थर्मलची राख. खिडकी उघडी ठेवली की गिटारवर बसते. तारा भांड्याच्या पावडरनं घासल्या, वर चिंच लावली. चकाकल्या! दुकानात सगळ्यांना दाखवल्या.

४ फेब्रुवारी

तारा गंजल्या. हवामान.

गच्चीवर कुणी रागावलं नाही. प्रविण सरांनी स्वतःकडच्या नव्या तारा काढून बसवून दिल्या. पैसे घेतले नाहीत. फक्त म्हणाले, अप्पा, चिंच नका लावू. या परिवारात मला केवढा मान आहे, ते यावरून दिसतं.

आरोहीनं गिटारला हात लावला. ओरडलो. दहावी तोंडावर आहे, आधी अभ्यास. ती म्हणाली, पप्पा, तुमी तरी वाजवा मग, नुसती पडून हाय. पोरं हल्ली उलट बोलतात.

१२ फेब्रुवारी

तानाजी आला होता. फ्लेक्सचं दुकान आहे त्याचं, नगरसेवक व्हायची इच्छाही आहे. कोपऱ्यातली गिटार पाहून म्हणाला, आं? अप्पा, तुमी गिटार वाजवता? आन आमाला सांगत न्हाई? म्हटलं, शिकतोय. तानाजी म्हणाला, ते लोकायला कुठं ठाव हाय. फोटो काढून घेऊन गेला.

१५ फेब्रुवारी

चौकात फ्लेक्स लागला! 'परळीचे सुपुत्र, गिटार सम्राट मा. बसवेशअप्पा हलगे यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: तानाजीभाऊ मित्रमंडळ.' अभिनंदन कशाबद्दल, विचारलं. तानाजी म्हणाला, ते नंतर बघू.

ऋतुजा मॅडमचा मेसेज: फोटोत गिटार डावखुरी दिसते. फ्लेक्सवरच्या तानाजीच्या फोटोकडं माझं तोंड असावं म्हणून त्यानं माझा फोटो उलटा केला. कलेत तडजोड करावी लागते.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

गावात पाय ठेवायला जागा नाही. व्यापाऱ्यांच्या मंडपात माझा सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा. दोन शब्द बोला म्हणाले. कलेची साधना या विषयावर बोललो. गिटार सोबत नेली होती, पण माझं बोलणं संपलं तेव्हा पुढच्या भजनी मंडळानं टाळ हातात घेतले होते.

लोकांना मी आवडलो. न वाजवता आवडलो, म्हणजे वाजवल्यावर काय होईल!

१८ मार्च

आरोहीची परीक्षा काल संपली. आज चौसाळ्याला एका शाळेत सत्कार. शाल. मुख्याध्यापक म्हणाले, सर, मुलांना काही वाजवून दाखवा. म्हटलं, मुलांचं वय बघून वाजवावं लागतं. मार्गदर्शन केलं.

गच्चीवर जाणं सध्या जमत नाही. रविवारीच सत्कार ठेवतात.

६ एप्रिल

धारूरला सत्कार. शाल. येताना घाटात टायर पंक्चर. कावेरीनं पहिली शाल शिलाई मशीनवर घातली आहे, दुसरी फ्रिजवर. तिसरीला जागा शोधते आहे. कलाकाराच्या बायकोला कलेची जाण असावी, पण नशीब.

१३ एप्रिल

एक चमत्कार. बऱ्याच दिवसांनी गिटार हातात घेतली तर सुरात होती! एकही तार उतरलेली नाही. उत्तम वाद्याची हीच खूण. मालकाचा हात लागला की ते आपोआप सुरात राहतं.

आरोही दर रविवारी सकाळी बाहेर जाते. मैत्रिणीकडे म्हणते. कावेरीला विचारलं तर म्हणाली, जाऊ द्या, पुढं हॉस्टेलच हाय. बरोबर आहे.

२९ एप्रिल

आरोहीच्या डाव्या हाताच्या बोटांना पट्ट्या. भाजी चिरताना कापलं म्हणाली. चारही बोटं! कावेरीला बोललो, पोरीला एवढं कामाला लावू नको. दोघी हसल्या. या घरात माझ्या काळजीला किंमत नाही.

१४ मे

काल निकाल लागला. आरोहीला त्र्याण्णव टक्के. दुकानात पेढे वाटले. तानाजी म्हणाला, फ्लेक्स लावू, 'गिटार सम्राटांची कन्या'. आरोही म्हणाली, काका, पाया पडते, नका लावू.

तिच्या जाण्याची तारीख ठरली. ९ जून. आदल्या दिवशी रविवार आहे. प्रविण सरांनी गच्चीवर निरोपाचा कार्यक्रम ठेवू म्हणून स्वतःच फोन केला. माझ्यासाठी एवढं करतात.

गाणं मी निवडलं आहे. लहानपणी तिला झोपवताना मी म्हणायचो ते, माझ्या आईचं. तीनच कॉर्ड: सी, जी, एफ.

२५ मे

एफ येत नाही. तारांची उंची जास्त आहे.

१ जून

एफ येत नाही. खुर्ची चुकीची आहे.

५ जून

पहाटे उठून बसलो. कुणी नव्हतं. तर्जनी सगळ्या तारांवर ठेवली आणि जोर लावला. ठक ठक, भिंतीवर खिळा ठोकल्यासारखा आवाज. पुन्हा लावला. बोटावर लाल रेघा उमटल्या. आरोही दारात उभी होती. किती वेळ, माहीत नाही. म्हणाली, पप्पा, अंगठा मागं घ्या ना जरासा. म्हटलं, तू झोप, तुला यातलं काय कळतं.

भीती वाटते. हे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

८ जून, रविवार. सगळं झाल्यावर

नीट लिहितो.

गच्चीवर सगळे होते. प्रविण सर, ऋतुजा मॅडम, कावेरी, आरोही. न बोलावता वैजिनाथ आणि शाल घेऊन तानाजी. मी मध्ये बसलो. सी लावली, पहिली ओळ म्हटली. जीवर गेलो. मग एफ आला. म्हणजे आला नाही. ठक. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा ठक. तानाजीनं तेवढ्यात टाळ्या वाजवल्या, त्याला वाटलं संपलं.

म्हटलं, तारा उतरल्या आहेत. आरोही पुढं आली. म्हणाली, द्या पप्पा, लावून देते.

तिनं कान गिटारला टेकवला, खुंट्या दोनदा फिरवल्या. मला परत देईल म्हणून मी हात पुढं केला. ती ऋतुजा मॅडमकडं बघत होती. मॅडमनी मान हलवली. मग तिनं वाजवलं. तेच गाणं, माझ्या आईचं. सी, जी, आणि तो एफ, पूर्ण एफ, सगळ्या तारा दाबून, जसा काही घरचाच आहे. ढलपी उडालेल्या जागेची गुणगुण येत होती. तीसुद्धा गोड वाटली.

रविवारची मैत्रीण म्हणजे ही गच्ची. बोटांच्या पट्ट्या म्हणजे हे. कावेरीला माहीत होतं. वैजिनाथला माहीत होतं, पट्ट्या त्याच्याच मेडिकलमधून गेल्या. मी शाली गोळा करत फिरत होतो आणि सगळ्यांनी मिळून माझ्या पोरीला शिकवलं. राग यायला पाहिजे होता. रडू आलं. राखेचं कारण सांगितलं.

मला विचारलं कावून न्हाई, असं म्हणालो. आरोही म्हणाली, तुमी ओरडलतात ना. आन मला वाटलं, तुमाला जमलं न्हाई तर गाणं ऐकायचं राहून जाईल.

तानाजी शाल घेऊन गोंधळून उभा होता. त्याच्या हातातली घेतली आणि आरोहीच्या खांद्यावर घातली. भाषण केलं नाही. कावेरीनं माझ्याकडं बघितलं, नीट, बऱ्याच वर्षांनी.

९ जून, पहाटे

तिची बॅग भरली. स्टीलचा डबा, ताट, तांब्या, सगळ्यांवर तिचं नाव घातलं आहे, हॉस्टेलला हरवायला नको म्हणून. शेवटी गिटार खाली आणली. मशीन लावलं. माझ्या नावाखाली, अगदी हळू, श्वास धरून: 'चि. आरोहीस सप्रेम भेट.' ढलपी उडाली नाही.

ती म्हणाली, वरचं नाव घासून काढायचं का? मीच म्हणालो, राहू दे, दुकानाची जाहिरात होईल. मग म्हणालो, खरंच राहू दे.

गाडी हलली. गिटार खिडकीतून दिसत होती.

१८ जून

चौसाळ्याचं गिऱ्हाईक. मुलीच्या लग्नाची भांडी. टेम्पो दारात लावला, त्यात कडबा, कडब्यावर पावसासाठी टाकलेला फ्लेक्स. माझा. दोरी नेमकी तोंडावरून गेलेली, पण गिटार स्पष्ट दिसते. गिऱ्हाइकानं एकदा फ्लेक्सकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. म्हणाला, हे सम्राट तुमीच का?

म्हणालो, न्हाई.

तो म्हणाला, मंग बरं. हे आधी गोठ्यावर टाकलं व्हतं, तर म्हैस दूध चोरायली, पान्हाच सोडंना.

दुपारी आरोहीचा फोन. हॉस्टेलच्या पोरी विचारतात, गिटारवर नाव कुणाचं. मी विचारलं, तू काय सांगितलंस? माझे पप्पा गिटार वाजवतात, असं काही तरी म्हणेल असं वाटलं. ती म्हणाली, सांगितलं, पप्पायचं हाय, ते भांड्यावर नावं घालतात.

तिची लई आठवण आली. मग चौसाळ्याच्या मुलीची भांडी पुढं ओढली आणि संध्याकाळपर्यंत नावं घालत बसलो. एक अक्षर चुकलं नाही.