घोड्याच्या केसांचा दोर

तारमाचदादा,

कातड्याच्या तुकड्यावर कोळशाने लिहितेय. तुझ्या छावणीकडे जाणारं इथं कुणी उरलं नाही, तरी लिहितेय.

अरब आले तेव्हा आपल्या रीतीप्रमाणे बलंजरच्या किल्ल्याभोवती गाड्यांचं कडं केलं. गाडीला गाडी बांधली. दोर मी वळलेला, घोड्याच्या केसांचा. आबांनी आईची गाडी सगळ्यात पुढे लावली आणि तिची चाकं काढून टाकली. मी म्हटलं, "आबा, पळायची वेळ आली तर?"

"म्हणून तर काढली, पोरी."

दुपारी अरबांनी तलवारींनी दोर तोडला आणि कड्याला खिंडार पडलं. आबा आईच्या गाडीतच राहिले. मला रडू आलं नाही. चुलीवर राळ्याची पेज होती, ती खाल्ली.

मग त्यांच्या नायकाने तुटका दोर हातात धरून दुभाष्याकरवी विचारलं, "हा कुणी वळला? तोडता तोडता माझी माणसं घामाघूम झाली." शेजारणीने माझ्याकडे बोट दाखवलं.

आता मला सावलीत बसवतात, भाकरी देतात. मी दिवसभर दोर वळते. आपल्या माणसांचे हात त्यानेच बांधतात.

तू चिडवायचास, "कुमुश, तुझ्या दोराला शेळीसुद्धा थांबायची नाही." आपलं सैन्य परत येणार, असं इथं बोलतात. तू आलास आणि सापडलास, तर हात ओढू नकोस, दादा. उगाच मनगटं सोलतील. तो तुटत नाही.

तुझी
कुमुश