दाताच्या डॉक्टरचा जाहीर पाठिंबा

ती. मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. (दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून कंबर वाकलेलीच असते, त्यामुळे नमस्कार आपोआप घडतो.) मामींचा गुडघा काय म्हणतो? तुमची नवी कवळी टोचत असली तरी खिशात घालून फिरू नका, तोंडात ठेवा. सवय तिथेच होते. आम्ही सगळे मजेत, कारण मामा, आपण जिंकलो! माझा मेहुणा नगरसेवक झाला!

माझ्या आनंदाचं कारण कळायचं तर आमचा सोफा बघायला हवा. सौ.चा हा धाकटा भाऊ चार दिवसांसाठी म्हणून आला आणि सोफ्याला त्याच्या पाठीचा खड्डा पडला तरी हलला नाही. सकाळी न्हाणीघरात शिरतो, तो मी दवाखान्यात जाऊन एक दाढ काढून परत आलो तरी आतून गाणं चालूच. बहिणीचा लाडका, त्यामुळे तोंड उघडायची सोय नाही. अशात तो निवडणुकीला उभा राहिला आणि मला कळलं, की निवडून आलेल्याला नगरपालिका राहायला क्वार्टर देते. मामा, त्या क्षणी माझ्यात जो कार्यकर्ता जागा झाला, तसा आजवर कुठल्या पक्षाला लाभला नसेल.

समोरच्या उमेदवाराला पाठिंबा तरी कोणाकोणाचा! हेडमास्तर, वकील, शिवाय नाटकातला एक नट (जो मीच बसवलेल्या दातांनी हसतो, कृतघ्न मेला). माझ्याकडे होती फक्त एक खुर्ची. पण तीत माणूस आडवा झाला आणि त्याच्या तोंडात कापूस गेला, की मी मेहुण्याचे गुण सांगायला घेई. कोणाचा विरोध असेल तर आत्ताच बोला, असंही म्हणत असे. एकानेही विरोध केला नाही. काहींच्या तर डोळ्यांत पाणी आलं. (सौ. म्हणते, ते दाढेमुळे. तिला राजकारणातलं कळत नाही.)

निकाल लागला, मेहुणा दणक्यात निवडून आला आणि मी छाती फुगवून दवाखाना उघडला. पहिला आला बेकरीवाला. कापूस घालण्याआधीच त्याला विचारलं, माझ्या शब्दाचा कितपत परिणाम झाला? तो म्हणाला, "डॉक्टर, तुमचं भाषण कोण ऐकतंय? दाढ कोरताना तुम्ही नर्सबाईंना घरचं गाऱ्हाणं सांगता ना, ते ऐकून जीव तुटायचा. आख्ख्या गल्लीने मत दिलं ते तुमची सुटका व्हावी म्हणून." मी जरा हिरमुसलो, खोटं कशाला सांगू. पण मग उजेड पडला: एकीकडे एवढ्या मोठमोठ्यांचे पाठिंबे, दुसरीकडे माझं एकट्याचं रडगाणं, आणि जिंकलं रडगाणं! त्या आनंदात त्याची दाढ फुकट काढली. शेजारचीही काढणार होतो, पण तो उठून गेला.

मामींना नमस्कार. विजयाचे पेढे वगैरे भेटीत.

तुमचा विजयी भाचा

ता. क. काल सत्कार झाला. मेहुण्याने भर सभेत सांगितलं, की मला क्वार्टर नको, ज्या घराने मला घडवलं तिथेच राहून मी जनतेची सेवा करणार. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. अर्थ डोक्यात शिरला तोवर हात वाजवून मोकळे झाले होते.

आणखी एक ता. क. तरीही मी खचलेलो नाही. पुढच्या निवडणुकीत त्याला थेट राजधानीतल्या विधानसभेसाठी उभा करतो आहे. रात्रभराचा प्रवास, घरून जाऊन-येऊन करणं अशक्य. तुमचं आणि आमचं गाव तिथे एकाच मतदारसंघात येतं. तुम्ही पाठिंबा मुळीच जाहीर करू नका, त्याने काहीही होत नाही. फक्त निवडणूक होईस्तोवर त्याला तुमच्याकडे ठेवून घ्या आणि चारचौघांत बसलात की मन मोकळं करा. हे पत्र तोच घेऊन येतो आहे. पाकीट चिकटवलेलं नाही, पण काळजी नको. वाचायचे कष्ट तो घ्यायचा नाही.