रीना वाटेत थांबली

चौबे कॉलोनी, रायपूर
दि. २१ जानेवारी २०२५

प्रिय भाऊजी,

सप्रेम जय भीम. इकडे थंडी फार आहे, बाकी ठीक. जाऊबाई प्रेमलाचा खोकला थांबला असेल.

रीनाच्या शर्यतीचं विचारलं होतंत. नडगीचं हाड चिरल्यानंतरची ही तिची पहिली मोठी शर्यत. ती पुरी झाली नाही. वाईट वाटून घेऊ नका, मी काल पेढे वाटले. शेजारच्या मंजिरीताईंनी विचारलं, "पहिली आली का?" म्हटलं, "नाही, थांबली." त्या पेढा हातात धरून बघतच राहिल्या.

या वेळी तिच्या कोच सरांनी तिला सावकाश उभं केलं. आधी नुसतं चालणं, मग पळणं, तेही गप्पा मारता येतील इतकं हळू. सोबतचा विहंग चिडवायचा, "दीदी, ई-रिक्शा बुला दूँ?" ही म्हणायची, "बुला ना, तेरे को भी बिठा लूँगी." आरामाच्या दिवशी मात्र तोंड फुगवून बसायची. मी वाचनालयातून पुस्तक आणून तिला वाचून दाखवलं, की हाड पळताना नाही, नंतरच्या आरामात भरतं. "आई, तू तो कोच बन गई," म्हणाली.

शर्यतीत अर्ध्याच्या पुढे तिची नडगी पुन्हा दुखायला लागली. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. मागच्या वेळी असंच दुखत असताना ती शेवटपर्यंत पळाली होती. या वेळी माझ्याजवळ आली, बूट काढला. "आई, आज इतना ही." थोडी रडली, मग दोन केळी खाल्ली. एमआरआयमध्ये हाड शाबूत आहे. थोडा आराम, मग पुन्हा चालण्यापासून सुरू.

मागच्या वेळी काहून थांबली नाहीस, विचारलं. म्हणाली, "बाबा कुठं थांबले होते?"

भाऊजी, यांच्या पुण्यानुमोदनाला दर वर्षी तुम्ही उभे राहून सांगता, माझ्या भावानं कधी ड्यूटी अर्धी टाकली नाही. सगळे मान डोलावतात. त्या शेवटच्या दिवशी सिलतऱ्याच्या कारखान्यात यांच्या छातीत दुपारपासून दुखत होतं. सोबतचे म्हणाले, घरी जा. हे म्हणाले, ड्यूटी संपवून जातो. संपवली, आणि गेटपाशीच पडले. तुमचा अभिमान मोडवला नाही मले, म्हणून कधी बोलले नाही.

पुढच्या महिन्यात पुण्यानुमोदनाला नक्की या, आणि बोला. लहानपणी तुम्हाला खांद्यावर बसवून ते नदीवर कसे न्यायचे, ते सांगा. ते एक वाक्य तेवढं नको. पोट्टी ऐकते.

जिची लेक घरी परत आली ती,
तुमची वहिनी
कलावती