संगणकातलं दुसरं बिऱ्हाड

आई, काल ती येऊन गेली. तीच, तुझी मनमाडची, कॉलेजची शेवटची वर्षं आपल्या घरी पेइंग गेस्ट म्हणून राहिलेली. नवऱ्यामुलांना घेऊन त्र्यंबकेश्वरला निघाली होती, वाटेत डोकावली. अंगाने भरली आहे, केस मात्र अजून तसेच, दाट आणि काळेभोर. दारातच मला मिठी मारली आणि तुझ्या फोटोसमोर उभी राहून ढसाढसा रडली. खरं सांगू? माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की ही एवढी रडते कशाला, आई तर माझी होती. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पांढरे झाले, तरी हिला पाहिलं की माझ्या पोटात दुखतंच.

तुला ते तेव्हाही कळत असणार. मी नोकरीसाठी पुण्याला गेले आणि तू माझी खोली तिला दिलीस. "रिकामी खोली काय चाटायची हाय? मला तेवढीच सोबत," असं म्हणालीस. माझी कॉट, माझं टेबल, माझ्या खिडकीतली तुळस, सगळं तिचं झालं. सुट्टीला एसटीने अंग आंबवत यावं, तर तू गॅलरीत बसून तिच्या डोक्याला तेल चोळते आहेस. माझ्या डोक्याला तू दहावीनंतर हात लावला नव्हतास. "आता तुझं तू लाव, घोडी झालीस," म्हणायचीस. मी आयत्या बिळावर नागोबा असं काहीतरी पुटपुटले, तर तू हसून म्हणालीस, "गुणाची पोर हाय गं, बाप रेल्वेत, आई नाय तिला." मनातल्या मनात मी म्हटलं, आई नाही तर नाही, म्हणून माझी घ्यायची का?

संगणक तरी माझा होता. तू विकायचीस त्या काळ्या मसाल्याची लेबलं हाताने लिहून तुझी बोटं दुखायची म्हणून मी तो आणला होता. इंग्रजी तुला धड वाचता यायचं नाही, म्हणून लागतील तेवढ्या बटणांवर मी तुझ्या टिकल्या चिकटवल्या. लाल टिकली म्हणजे एंटर. एका दिवाळीला मी घरी येऊन तो सुरू केला, तर काळ्या पडद्यावर, यातलं कोणतं उघडू असं विचारत, दोन नावं उभी राहिली. वर माझं विंडोज, खाली तिचं लिनक्स. "कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी टाकलंय ताई, काकूंना विचारलं होतं," ती म्हणाली. "तुमचंच वर ठेवलंय. काही नाही दाबलं तर तेच उघडतं." मी काही बोलणार, तोच तू खुर्ची ओढून बसलीस आणि तिचं उघडून मला दाखवायला लागलीस. तिने ते मराठीत करून दिलं होतं. तू एकेक शब्द बोट लावून वाचत होतीस, पहिलीतल्या मुलीसारखी. "बघ, याला आपलं बोलणं समजतं," म्हणालीस. लेबलं छापायला तुला माझ्या विंडोजमध्येच यावं लागायचं, कारण प्रिंटर तिच्यात चालत नव्हता. तेवढाच काय तो मला आधार. मी टिकल्या दिल्या आणि तिने अक्षरं दिली, हे मला फार लागलं.

मग तिला बंगलोरला नोकरी लागली आणि ती गेली. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. पण दर रविवारच्या फोनवर तुझी नवीनच कुरकूर सुरू झाली. "लेबलं काढायला बसले की तिचंच उघडतं गं. लय ताप हाय. ते दुसरं बिऱ्हाड काढून टाक बाई एकदाचं. कधी येतीस?" म्हणजे पोरगी जाता जाता स्वतःचं वर करून गेली होती! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खालच्या बाणाचं बटण दाबायचं आणि मग लाल टिकली, एवढंच करायचं होतं, मी फोनवर दहादा सांगून पाहिलं. तू आपली, "मला नाय जमत. तूच ये." गणपतीलाही मी आले नव्हते. पण तिचं नाव पुसायला मात्र मी रजा टाकून आले.

ऑफिसमधल्या एकाने सांगितलं होतं, डिस्कचे भाग दिसतात तिथे जा आणि तिचा भाग उडव. मी आल्या आल्या, चहासुद्धा न घेता बसले. खरंच उडवायचं का, असं संगणकाने विचारलं आणि मी लाल टिकलीवर अशी काही मारली की ती सुटून माझ्या बोटालाच चिकटली. इतकी मजा मला क्वचित आली असेल. मग बंद करून परत सुरू केला, तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक एरर, आणि पुढे काही नाही. विंडोजही नाही. दोन्ही बिऱ्हाडांचं दार एकच होतं आणि त्याची किल्ली तिच्या खोलीत होती. मी खोलीच पाडली होती. तू मसाल्याच्या पुड्या बांधत मागे बसली होतीस. म्हणालीस, "चला, आता काहीच इचारत नाय." दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर आल्या होत्या आणि लेबलं आत अडकलेली. मी रडकुंडीला आले. पण तू अगदी निवांत. "लेबल नसलं तरी मसाला तिखटच लागतो. सावकाश कर. राहा की दोन दिवस."

राहिले. हट्टाने तिला फोन केला नाही, नुसती झटत बसले, आणि तू रोज माझ्या आवडीचं करून वाढत होतीस. शेवटी नाक मुठीत धरून फोन लावला. "ताई, टेन्शन नका घेऊ," ती म्हणाली. "विंडोजची सीडी घाला आणि मी सांगते तेवढंच टाइप करा." एका ओळीत काम झालं. पडद्यावर आता काही विचारणं नव्हतं, थेट माझंच उघडलं. "काकूंना द्या ना," ती म्हणाली. तू फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलीस आणि "जेवलीस का गं?" म्हणून जे सुरू केलंस ते भाजी करपेपर्यंत. मी जिंकून बसले होते, आणि तू तिच्याशी हसत होतीस.

काल चहा घेताना मी तिला ती फजिती सांगितली. जरा टोचूनच म्हटलं, तू जाता जाता आपलं वर करून गेलीस ना. तिने कप खाली ठेवला. "ताई, मी तर सगळं नीट काढूनच जाणार होते. काकूच नको म्हणाल्या. 'ऱ्हाऊ दे ते. काढायला माझी लेक येईल,' म्हणाल्या. आणि माझ्याकडून नावं वरखाली करून घेतली. म्हटलं, काकू, ताई चिडतील. तर म्हणाल्या, 'चिडू दे. चिडली की लवकर येती ती.'"

मी चहा गरम करायचं निमित्त काढून ओट्याशी गेले.

तुझी न वापरलेली लेबलं अजून डब्यात आहेत, त्यांच्या पाठीवर हे लिहिते आहे. लिहून झालं की परत डब्यातच जातील. तू मला बोलावण्यासाठी एवढा खटाटोप केलास, हे कळल्यावर तरी माझा जळफळाट थांबायला हवा होता. नाही थांबला. "माझी लेक येईल" हे तुझ्या तोंडून तिने ऐकलं, आई, मी नाही. त्याचाही मला हेवा वाटतो.