ठकी जेवत नाही

३ ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही तिघं सुखरूप आहोत. फोन करत नाही म्हणून फुगून बसू नकोस. फोनमध्ये तू दिसलीस की ठकी काचेला गाल घासते, आणि तू गेलीस की जे भोकाड पसरते ते झोपेपर्यंत. शेवटी तुझ्या जावयांनीच सुचवलं, की पोर रुळेपर्यंत आपण आपली पत्रं लिहू.

इथलं नवं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, दोन खोल्यांचं. कोणतं बटण कशाचं, कोणता कचरा कोणत्या डब्यात, काही म्हणता काही कळत नाही. काल मी दिवा लावायला गेले आणि पंखा सुरू झाला. डेंटल लॅबमधलं काम मात्र ओळखीचं. मेण तापवायचं, दात घडवायचे, पेशंटच्या साच्यावर बसवून बघायचे. अजून कच्ची नोकरी आहे, चार महिन्यांनी पक्की करतील.

घोडं पेंड खातंय ते पाळणाघरात. तिथे बुटक्या टेबलांशी पोरं रांगेत बसतात, पुढ्यात ताटल्या येतात आणि दीड-दोन वर्षांची चिमुरडी आपल्या हातांनी जेवतात. आपली ठकी आ वासून बसते. कोणी घास घालत नाही. वेळ संपली की ताटली भरलेली तशी उचलतात. पाळणाघराच्या बाईंनी मला विचारलं, की हिच्या जबड्याला काही त्रास आहे का. मी म्हटलं, हिला भरवावं लागतं. त्यांनी विचारलं, कधीपर्यंत. मी म्हटलं, ती स्वतः जेवायला लागेपर्यंत. मग त्यांनी विचारलं, की भरवत राहिलं तर ती स्वतः जेवायला लागेल कशी. त्यांनी हेही विचारलं, की हिला काय आवडतं. ते मला माहीत नव्हतं. आपण भरवलं ते तिने खाल्लं, एवढंच मला ठाऊक.

घरी येते ती भुकेने कळवळून. मग मांडीवर घेऊन भरवते. माझं चुकतंय की त्यांचं, तूच सांग. बाबांना नमस्कार. माझा गोंधळ पाहून हसलीस तरी चालेल, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी,
बबडी


१५ ऑगस्ट

चि. सौ. बबडीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून माझ्या हातातली कात्री खाली पडली. कापडावर पडली म्हणून बरं, पायावर नाही. लेकरू तोंड उघडून बसलंय आणि त्या बाया बघत बसतात? आणि वर जबड्याचं विचारतात! तू तर चौथीत जाईपर्यंत माझ्या हातचं खाल्लंस. तुझा जबडा चांगला चालतो. जरा जास्तच चालतो, असं तुझे बाबा म्हणतात.

जगाला दात करून देणारी आई, आणि तिच्याच पोरीच्या तोंडात घास नाही, याला काय म्हणावं? तुझी लॅब जवळ आहे ना, मग दुपारच्या सुट्टीत जा आणि भरवून ये. घास लहान घे, बोलत बोलत भरव, ती तोंड फिरवायला लागली की खिडकीबाहेर काहीतरी दाखव. एवढं तरी तुला येत असेलच.

आणि तेही जमत नसेल, तर सरळ सांगते, तिला माझ्याकडे पाठव. वर्षभर राहील, अंग धरेल, मग घेऊन जा. मी हट्ट करत नाही. पण घर फार शांत झालंय, आणि शिलाई मशीन थांबवलं की ते जास्तच कळतं.

जावयांना आशीर्वाद. ठकीचा पापा घे, दोन्ही गालांचा, म्हणजे एक माझा.

तुझी,
आई


२८ ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि फजिती झाली. राग धरू नकोस, सगळं सांगते.

रोज दुपारी लॅबमधून धावत जायला लागले. बाईंनी आधी नापसंतीने पाहिलं, पण आत येऊ दिलं. ठकी पोटभर जेवायला लागली. दोन-चार दिवस सुखाचे गेले. मग तिच्या शेजारच्या मुलाने हातातला चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून आ केला. त्याचं पाहून पलीकडच्या मुलीने. आठवडा संपेपर्यंत आख्खी रांग आ वासून बसलेली! आई, समोर उघडं तोंड दिसलं की आपला हात थांबतो का? मी शेजारच्याला ठकीच्या ताटलीतला एक घास दिला. त्यात लोणी होतं, आणि त्याला दुधातलं काही चालत नाही. त्याचे गाल लालभडक झाले. त्याच्या आईला बोलावलं, औषध दिलं, संध्याकाळपर्यंत तो हसत-खेळत होता.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला शांतपणे खुर्ची दिली आणि सांगितलं, की उद्यापासून दुपारी यायचं नाही. सप्टेंबर संपेपर्यंत ठकी स्वतः जेवली तर ठीक, नाहीतर शिकेपर्यंत तिला घरी ठेवा. घरी कोण ठेवणार? मी राहिले तर कच्ची नोकरी जाते, आणि एकाच्या पगारात इथे निभत नाही.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तुझे जावई म्हणतात, तू म्हणशील तसं. अशा वेळी या वाक्याचा मला फार राग येतो. एक मूल उपाशी बसलं असताना हात आवरणं याला इथे शहाणपण म्हणतात, आणि मी दिलेल्या घासाने दुसऱ्याचं मूल आजारी पडलं. कोण बरोबर ते मला खरंच कळेनासं झालंय. बाबांना विचार, त्यांना ठकीला न्यायला येता येईल का. मनाला पटत नाही, तरी विचार.

माझ्यावर असलेला लोभ या फजितीनंतरही टिकवून धर.

तुझी,
बबडी


९ सप्टेंबर

चि. सौ. बबडीस अनेक आशीर्वाद.

त्या मुलाचं वाईट वाटलं, पण तुझं काही चुकलं असं मला वाटत नाही. विचारून द्यायला हवं होतं, एवढंच.

बाबा येतील. का नाही येणार? मी शिलाई मशीन खिडकीपासून हलवलं, तिथे ठकीचा पलंग लावला. तिच्यासाठी चार झबली बेतली, वाढत्या अंगाची. हातातले ब्लाउज परत केले, गिऱ्हाइकांना सांगितलं, आता वर्षभर जमायचं नाही. शेजारणीला वाटलं, लॉटरी लागली. म्हटलं, तसंच समज.

तू रडत बसू नकोस. वर्ष हां हां म्हणता जातं. ठकीवर आणि आम्हा म्हाताऱ्यांवर माया असू दे.

तुझी,
आई

ता. क. : बबडे, मी बाबा. तुझी आई गुणगुणत काम करतेय, कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. पण तिकीट मी अजून काढलेलं नाही. तुझं पुढचं पत्र येऊ दे.


२१ सप्टेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही, म्हणून झालं तसं लिहिते.

परवाच्या रविवारी ठकीपुढे ताटली ठेवली. उकडलेला बटाटा, भात आणि गाजर. मी समोर बसले, दोन्ही हात मांडीखाली दाबून. तिने आ केला. मी हलले नाही. तिने आणखी मोठा आ केला, मला नीट दिसलं नसेल असं वाटून. मग रडली, ताटली ढकलली. तुझ्या जावयांना बघवेना, ते चपला घालून बाहेर गेले. मीही रडत होते. आई, एवढं कठीण काम मी आजवर केलेलं नाही. बऱ्याच वेळाने तिने बटाटा मुठीत धरला. थोडा तोंडात गेला, बाकी केसांत. मग गाजर संपवलं, भाताला हातही लावला नाही. आणि पुरे म्हणाली. मी भरवते त्याच्या निम्मंही खाल्लं नसेल, पण पोटावर हात ठेवून पुरे म्हणाली. हा शब्द तिला येतो हेच मला माहीत नव्हतं.

आता पाळणाघरातही जेवते. बाईंनी तिची जागा ठेवली आहे.

यानंतर मला आनंद व्हायला हवा ना? काल लाडाने एक घास पुढे केला तर तिने माझा हात बाजूला सारला. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. जिंकले की हरले तेच समजेना. त्यात तू पलंग लावलास, कामं सोडलीस. म्हणून विचारते, तिला तरीही सहा महिने पाठवू का? तुला नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तू सांगशील ते करीन.

लोभ आहेच, या वेळी थोडी क्षमाही असावी.

तुझी,
बबडी


३ ऑक्टोबर

चि. सौ. बबडीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी नुसत्या पेजेवर होते. तुझ्या बाबांना वाटलं, दाढ दुखतेय.

मग मनाशी म्हटलं, त्यात काय, मीही ताटली ठेवीन आणि गप्प बसेन. शेजारणीची नात ठकीएवढीच आहे. तिला जेवायला बोलावलं, हात मांडीखाली घेतले, अगदी तुझ्यासारखे. पोरीने पहिला घास सांडला, आणि माझा हात कधी तिच्या ताटलीत गेला ते मलाच कळलं नाही. सगळं भरवून झाल्यावर लक्षात आलं. तिला तर भरवायची गरजही नव्हती.

म्हणून ठकीला पाठवू नकोस. मला ती हवी आहे, फार हवी आहे, हे मी लपवत नाही. पण इथे आली तर महिन्याभरात मी तिला पुन्हा आ वासून बसायला लावीन, आणि ते मला कौतुकाचंच वाटेल. ब्लाउजची गिऱ्हाइकं परत येतील, त्याची काळजी तू करू नकोस.

उन्हाळ्यात आम्हीच येऊ. जेवताना मला तिच्या समोर बसवू नकोस, शेजारी बसव. आणि तिच्याआधी माझं ताट वाढ, म्हणजे माझे हात माझ्या जेवणात राहतील.

आम्ही येईपर्यंत लोभ जपून ठेव.

तुझी,
आई