गोंद न लावलेली काठी

मास्तर,

तुमच्यासारखा डबल बास मी घेतला. नागपूरला एकाने आपली लग्नातली ऑर्केस्ट्रा पार्टी बंद केली, त्याच्याकडचा. तुमचा होता तसा भरीव लाकडाचा नाही, प्लायवूडचा आहे, एका खांद्याचं पॉलिश उडालेलं आहे. पण माझ्या ऐपतीत दुसरा बसत नव्हता. माणसाहून उंच व्हायोलिन दवनीवाड्यात कोणी पाहिलेलं नाही, त्यामुळे सगळी गल्ली दारात. बायको म्हणाली, "या वयात कायले पाहिजे होता हा हत्ती? आता याले झोपवाचा कुठी?" मी म्हटलं, मास्तरांची आठवण म्हणून आणला. तिने तुम्हाला जेवू घातलेलं आहे, ती उठून कोपरा मोकळा करायला लागली.

घाई मंडईची आहे. दिवाळी झाली की गावची मंडई भरणार, सगळी जत्रा लोटणार, आणि मंडईला आमच्या मंडळाचं नाटक. इतकी वर्षं स्टेजसमोरच्या चटईवर ऑर्गन घेऊन मीच बसत आलो. गेल्या मंडईत माझा सूर गायिकेला सोडून भलतीकडेच गेला, तोही एकदा नाही. यंदा मॅनेजरने गोंदियाचा कीबोर्डवाला ठरवला आणि मला म्हणाला, "काका, तुमी आता समोर खुर्चीवर बसून आरामात नाटक पाहा ना गा." मी म्हटलं, मी बास वाजवतो. तो हसला. "त्याच्या कीबोर्डात बटन दाबलं का बास वाजते. बरं, मंडईच्या आधी तुमचा वाजला तं या, नाई तं खुर्ची हायेच." त्या खुर्चीची मला भीती वाटते, मास्तर. तिच्यावरून परत चटईवर आलेला माणूस मी पाहिलेला नाही.

आणि सुरुवातच चुकली. नागपूरला टेम्पोत चढवताना विकणारा काहीतरी सांगत होता, मी मान हलवली. मग वाटेत धक्क्याने तुटू नयेत म्हणून चारही तारा पार सैल केल्या. भजन झाल्यावर एकतारीची तार आपण उतरवून ठेवतो, तसंच. घरी उतरवला तर तारांखालची घोडी आडवी पडलेली, आणि बायको म्हणते, "याच्या पोटात कायतरी खुळखुळून राहिलं वो."

तेव्हा तुमचं रेल्वे क्वार्टर आठवलं. बास खाटेवर आडवा टाकलाय, मी टॉर्च धरलाय, आणि काकू स्वयंपाकघरातून ओरडतायत की खाट मोकळी झाल्याशिवाय ताटं वाढणार नाही. तुम्ही मला पुढच्या फळीतल्या नागमोडी फटीतून आत बघायला सांगता. आत अंगठ्याएवढी जाड गोल काठी, पुढच्या फळीला आणि पाठीला टेकून, घोडीच्या एका पायाजवळ उभी. वरून तारांचा दाब आहे तोवर ती उभी राहते. सगळ्या तारा एकदम सोडल्या की पडते. मी हुशारी करून गोंदाची बाटली पुढे करतो आणि तुम्ही ती खिडकीबाहेर फेकून देता. "अबे, गोंद लगाएगा तो ये बोलेगा कैसे? दाबानं उभी राहायची चीज आहे ती!" मी रडवेला झालो होतो. जेवताना तुम्ही तुमच्या ताटातला मासा, नवेगाव बांधच्या तलावातला, माझ्या ताटात सरकवलात. तारांचं तुम्ही त्याच दिवशी सांगितलं होतं. पण माझ्या लक्षात राहिली ती बाटली आणि तो मासा.

मग ती पडलेली काठी फटीतून उभी करायला छत्रीची काडी वाकवून हुक केला. बायको टॉर्च धरून बसायची. "डोळ्यात मोतीबिंदू असलेला डाक्टर पोटाचं आपरेशन करून राहिला," असं शेजारणीला सांगायची, आणि मला, "तिकडं नाई, अलीकडं घ्या. अजून अलीकडं." काठी उभी राहायची आणि हुक काढताना पडायची. कितीतरी दुपारी अशा गेल्या, पाठ मोडून आली. एकदा तर कपाटातली गोंदाची ट्यूब हातात घेतली होती. परत ठेवली. शेवटी काठी टेकली. घोडी सरळ धरून तारा थोड्याथोड्याने ताणल्या. तारा फार उंच राहिल्या, बोटांना फोड आले, म्हणून कानशीने घोडीच्या खाचा खोल केल्या.

काल जाड तार छेडली. बायको आतून धावत येऊन म्हणाली, "थांबा बापा, मांडणीवरचे गिलास वाजून राहिले!" संध्याकाळी मॅनेजर आला, दारातच उभा राहून ऐकलं. "काका, हा तं छातीत वाजते. चटईच्या मागं उभे राहा मंग तुमी दोघंही."

उभा राहीन. पाय दुखतात, तरी राहीन.

बायकोला आठवणीचं सांगितलं ते खोटं नाही, पण बास त्यासाठी घेतलेला नाही. ऑर्गनचे वरचे सूर मला ऐकू येईनासे झालेत, मास्तर. गायिकेचं तोंड हलताना दिसतं तेवढंच. त्या विकणाऱ्याचंही काही कळलं नव्हतं. जाड आवाज तेवढा अजून येतो, बास अंगाशी धरला की पोटात येतो. बाकी कोणाला हे माहीत नाही. बासचा खालचा खिळा फरशीवर घसरतो. हा कागद पाठवायला आता तुमचा पत्ता नाही, घडी करून त्याच्याखाली ठेवतो.